मंदाच्या फोटोतली रिकामी बाजू

मंदे, तुझा फोटो भिंतीवर लागायला इतका उशीर झाला याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. मी हे येईल त्याला सांगते, आणि उलट बोलायला तू इथे नाहीस याचा पुरेपूर फायदा घेते.

तुझ्या दिवसांना पाटावर ठेवलेला फोटो तू पाहिला असतास तर ताडकन उठून बसली असतीस. आधार कार्डावरचा चेहरा कुणीतरी घाईघाईने मोठा करून आणला होता. कपाळ चकाकत होतं, एक कान गायब होता आणि तोंडावर भाव असा, की जणू आत गॅसवर दूध ठेवून आली आहेस. अर्ध्या रोह्याला जिने फोटोत नीट बसायला शिकवलं, तिचा हा असा अवतार समोर. समई, उदबत्ती, गुलाबाच्या पाकळ्या, आणि मागच्या रांगेत मी. सगळ्यांना वाटलं, शुभाबाई डोळे मिटून मैत्रिणीची आठवण काढतायत. मी मनातल्या मनात तुझ्या कपाळावरचा उजेड कमी करत होते.

भिंतीवर लावायला तरी चांगला फोटो हवा असं घरात ठरलं आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. मग एका सुट्टीच्या दिवशी भावोजी मोटारसायकलवरून पेणला आले. तुझा नवरा स्वतःहून माझ्या घरी आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी चहा घेतला, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले, कंपनीत नवीन साहेब आलाय ते सांगितलं, आणि उठता उठता खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. औषधाची पुडी असते तसा कागदात गुंडाळलेला.

"तिनं तुमच्यासाठी ठेवलाय," म्हणाले. "शुभाला द्या, ती बसवील. इतकंच बोलली."

बसवणं हा आपला शब्द. एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत नेऊन ठेवायचा, असा की तो तिथलाच वाटावा. त्यामुळे आत निदान दोन-चार फोटो असतील, एखादी खोडी असेल, या आशेने मी कॉम्प्युटर उघडला. आत एकच फोटो होता. तुझा. स्टुडिओतला करडा पडदा, अगदी डाव्या कडेला स्टुलावर तू, डोक्याला तो आजारपणातला रुमाल. किंचित पुढे झुकली आहेस, मान वर, नजर उजवीकडे उंच कुठेतरी, आणि ओठ अर्धवट उघडे, काहीतरी बोलता बोलता पकडल्यासारखे. फोटोच्या उजव्या बाजूची सगळी जागा रिकामी. पडदा, पडदा आणि पडदा.

तू कशाकडे बघते आहेस ते सांगायला मात्र विसरलीस. विसरलीस म्हणजे काय, मुद्दाम सांगितलं नाहीस. तुझा हा स्वभाव मी ओळखून आहे. त्या रिकाम्या जागी काय बसवायचं ते मला ठरवायचं होतं, आणि मी चुकले असते तर तू भिंतीवरून कायमची भलत्याच गोष्टीकडे बघत राहिली असतीस.

*

तुझी-माझी गाठ तुझ्या सासऱ्यांनी घालून दिली, आणि तीही स्वतः जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

मी फ्रॉक घालत होते तेव्हाची गोष्ट मी तुला इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी तूच ती मला सांगायचीस, पण आता ती मी माझ्या पद्धतीने सांगणार. रोह्याला नात्यातल्या लग्नाला आलो होतो. सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा म्हणून वडील आम्हाला तात्यांच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या, स्टुडिओत घेऊन गेले. बाहेरच्या काचेच्या कपाटात एक फोटो होता. आरामखुर्चीत एक गृहस्थ बसलेले, धोतर, कोट, गळ्याच्या वर काहीच नाही. मांडीवर पितळी परात आणि परातीत त्यांचंच डोकं, टोपीसकट, आणि ते चक्क हसत होतं. मी अशी किंचाळले की समोरच्या पानवाल्याने पाणी आणून दिलं. आधी मी आत जायला तयार नव्हते, मग त्या कपाटासमोरून हलायला तयार नव्हते. तेव्हा टोपी घातलेले एक आजोबा बाहेर आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "घाबरू नको. संध्याकाळी घरी जाताना लावतात ते डोकं परत."

तात्यांशी माझं आयुष्यात झालेलं बोलणं एवढंच.

पुढे मी पेणच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, गावातल्या हौशी नाटकांत मिळेल ती भूमिका आणि न मिळालेलीही करायला लागले, आणि एका नाटकाच्या जाहिरातीसाठी मला स्वतःचा असा फोटो हवा होता की त्यात मी तीन ठिकाणी दिसेन. पेणमधल्या फोटोवाल्याने माझ्याकडे दयेने बघितलं. म्हणून मी रोहा गाठलं. काउंटरवर तू होतीस. कुणाला तरी पासपोर्ट फोटोसाठी हसू नका म्हणून रागावत होतीस. मी आपलं काम सांगायचं सोडून विचारलं, ते परातीतलं डोकं कुठे आहे.

तू मला खालून वर बघितलंस. "तुम्ही गिऱ्हाईक हाय का पोलीस?"

आणि मग आत जाऊन वर्तमानपत्रात बांधलेला तो फोटो घेऊन आलीस. आपण दोघी त्यावर वाकलो. तो कसा काढला ते तू समजावून सांगितलंस. काळ्या पडद्यासमोर त्या गृहस्थांच्या डोक्याला काळं कापड गुंडाळून एकदा फोटो, आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा अंगाला काळं कापड गुंडाळून नुसतं डोकं. बटण कुणी दाबलं, मी विचारलं. तू म्हणालीस, सासूबाईंनी. कारण ते गृहस्थ म्हणजे खुद्द तात्याच. इतक्या वर्षांनी मला पुन्हा तसाच शहारा आला. तात्यांनी स्वतःचं डोकं परातीत घेऊन स्वतःच मला धीर दिला होता.

तू त्या घरात सून म्हणून आलीस आणि त्यांच्या अंधाऱ्या खोलीत तयार झालीस. तात्यांच्या मुलाला, म्हणजे भावोजींना, त्यात रस नव्हता, ते एमआयडीसीत लागले. तात्यांच्या मागे स्टुडिओ तू चालवलास. पण लोकांना हवे होते फॉर्मला चिकटवायचे फोटो, आणि डोकं जागेवरच असलेले. तुझ्या हातातली ती सगळी जादू तशीच पडून होती. मी आले आणि आपण दोघी बिघडलो.

*

नंतरचे किती रविवार मी पेणहून रोह्याची बस पकडली असेल. नागोठण्याला बस थांबली की मी तुझ्यासाठी बटाटेवडे घ्यायचे आणि तू दरवेळी म्हणायचीस, तेलकट हायत, आणि सगळे खायचीस.

आपला हट्ट एकच, की फोटो तात्यांनी काढल्यासारखा दिसला पाहिजे. कॉम्प्युटरवर जोडाजोड करायची, पण शेवटी जाड कागदावर छापून तो कोऱ्या चहात बुडवायचा, दोरीवर चिमटे लावून वाळवायचा आणि कडा पॉलिश पेपरने घासायच्या. त्या चहापायी झालेला घोटाळा मला अजून हसवतो. तू पातेलंभर चहा उकळून कट्ट्यावर निवत ठेवला होतास, भावोजी कंपनीतून आले, त्यांनी त्यातला ग्लासभर घेतला आणि पिऊन टाकला. आपण आरडाओरडा केल्यावर शांतपणे म्हणाले की चहा बिनसाखरेचा आणि थंड होता ते लक्षात आलं होतं, पण घरात पाहुणी आहे म्हणून बोललो नाही.

तात्यांचा एक नियम तू माझ्या डोक्यात अक्षरशः खिळ्याने ठोकलास. आधी सावली बसवायची, मग माणूस. माणूस कितीही छान कापला तरी त्याची सावली भलतीकडे पडली की बघणाऱ्याला कळतं, आणि काय चुकलं ते सांगता येत नाही तरी तो फोटो खाली ठेवतो. मी आधी माणूस बसवायचे. तू तो पुसून टाकायचीस.

पण आपलं खरं भांडण सावलीवरून नव्हतंच. ते नजरेवरून होतं.

तुला आठवतं ना, आपण जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात गेलो होतो? रांगेत शेकडो पांढरे गणपती, अजून रंग नाही, डोळे नाहीत. माझ्या डोक्यात लगेच आलं की या सगळ्यांना आमच्या शाळेतल्या शिक्षकांचे चेहरे लावायचे. तू कारखान्यातल्या लोकांसमोरच मला झापलंस. "देवाची मस्करी नाय करायची. उंदराची कर."

म्हणून आपण एका फळीवर वाळत ठेवलेले मातीच्या उंदरांचे फोटो घेतले आणि ते उंदीर पेणच्या एसटी स्टँडच्या फोटोत रांगेत उभे केले, पिशव्या घेऊन, गाडीची वाट बघत. मी शेवटच्या उंदराची मान मागे वळवली. छान दिसत होतं. तू म्हणालीस, हा मागे का बघतोय? मी म्हटलं, उगाच, बरं दिसतं. तू अडून बसलीस. त्याला काहीतरी दिसलं पाहिजे किंवा काहीतरी आठवलं पाहिजे, नाहीतर मान सरळ कर. अख्खा रविवार त्या उंदरापायी गेला. शेवटी तू ठरवलंस की तो मोदक घरी विसरून आलाय, आणि त्याची मान केसभर खाली केलीस. बाकी काही नाही. तो फोटो ज्याने ज्याने पाहिला तो त्या एकाच उंदराकडे बघून हसला. मी मात्र मान्य केलं नाही.

तुझं म्हणणं असं, की फोटोतल्या माणसाला आधी ठाऊक पाहिजे आपल्याला काय दिसतंय. माझं म्हणणं, आधी फोटो काढू, काय दिसतंय ते मागाहून बसवू. नाटकात नट नुसता प्रेक्षकांकडे बघतो आणि म्हणतो समोर समुद्र आहे, आणि लोकांना तो दिसतो. यावर तू मला जे ऐकवलंस ते मी आमच्या मंडळात अजून कुणाला सांगितलेलं नाही. "लोकांना खुर्च्या दिसतात," म्हणालीस, "म्हणून तुमच्या नाटकाला दुसऱ्यांदा कोण येत नाय."

मग सासूबाईंचा फोटो. माझ्या सासूबाई धरमतर खाडीपलीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या. पेणच्या एका अवाढव्य पापडावर बसून त्या खाडीतून वल्हवत चालल्या आहेत, असं चित्र मी योजलं होतं. स्टुडिओत त्यांना स्टुलावर बसवलं, वल्हं म्हणून हातात कपडे वाळत घालायची काठी दिली आणि नाटकातल्यासारखं ओरडून सांगितलं, आई, लांब बघा, हसा. त्यांनी रेशन कार्डाच्या फोटोत बघतात तसं बघितलं. मी चार वेळा सांगितलं, त्या चार वेळा तशाच. मग तू त्यांच्याजवळ जाऊन बसलीस. माहेर कुठलं ते विचारलंस, बंदर घरापासून किती लांब ते विचारलंस. आणि हळूच म्हणालीस, "समजा, तुमचा बा बंदरावर उभा हाय. नीट दिसत नाय अजून. टोपी तेवढी दिसते."

सासूबाईंचं अंग नुसतं पुढे झुकलं, डोळे बारीक झाले आणि हातातली काठी आपोआप पाण्यात असल्यासारखी फिरली. तू बटण दाबलंस. मी पाठमोरी होऊन पडद्याच्या सुरकुत्या काढत बसले, कारण दुसरं काही सुचेना.

फोटो तयार झाल्यावर सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. पापडाचं त्यांना काही वाटलं नाही. "बा कुठं हाय यात?" असं त्यांनी विचारलं. तू सांगितलंस की तो फोटोच्या बाहेर आहे, अजून थोडं वल्हवायला लागेल. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. तो फोटो त्यांच्या उशाशी असतो. पेण ते रोहा बसमध्ये मी आता लोकांचे चेहरे बघायचं सोडून ते कशाकडे बघतात तेच बघत असते, ही खोड मला तू लावलीस, आणि माझा प्रवास त्यामुळे फार मजेत जातो. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू भांडण जिंकली असतीस.

*

तुझ्या आजारपणात मी काय केलं? नाटक केलं. दुसरं मला येतं काय? खाटेशेजारी उभी राहून आमच्या मुख्याध्यापकांची नक्कल, स्टाफरूममधली भांडणं, पेणच्या बाजारातली माझी फजिती, सगळं हातवारे करून. तू हसायचीस, मग खोकायचीस, मग मी पाणी द्यायचे आणि पुढचा प्रवेश सुरू. शेवटच्या भेटीत तू म्हणालीस, "शुभे, गप बस जरा." मी बसले. खिडकीतून शेजाऱ्यांच्या अंगणातली तुळस दिसत होती आणि तू तिकडे बघत होतीस. मला विचारायचं होतं, मंदे, तुला भीती वाटते का? मी विचारलं, पंखा वाढवू का?

"वाढव," म्हणालीस.

मी पंखा वाढवला, पेणची गाडी चुकेल म्हणून पर्स उचलली आणि पुढच्या रविवारी येते म्हणाले.

*

आता त्या रिकाम्या जागेकडे येते.

सगळ्यात आधी मी तिथे कुणाला बसवलं असेल, ओळख बघू. मला. लाज बाळगण्याचं काही कारण नव्हतं, मी होतेच तुझी मैत्रीण, आणि हातात दिवा घेतलेला माझा एक फार देखणा फोटो आहे. बसवला आणि लगेच कळलं की नाही. तू माझ्याकडे बघायचीस तेव्हा तुझी एक भुवई वर असायची. आता ही काय करणार, अशी. या फोटोत दोन्ही भुवया जागेवर आहेत. मी स्वतःला पुसून टाकलं. सोपं नव्हतं ते.

मग तात्यांना बसवलं, परातीसकट. पण तात्यांसमोर तू मान वर केलीस असं कधी झालंय? मग चंद्र बसवला, तर ती डोकेदुखीच्या बामची जाहिरात झाली. मग एक भला मोठा रावस आकाशातून पोहत येताना, मग उघडी खिडकी, मग दरवाजा, मग पायऱ्या. शाळेतून आले की मी कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तुझ्यासमोर काही ना काही नेऊन ठेवायचे, आणि तू त्यातल्या कशाकडेच बघत नसायचीस. आमचे हे म्हणाले, रिकामंच ठेव ना, त्यातही काही अर्थ निघतो. अर्थ निघेल हो. पण तिने रिकामं ठेव असं म्हटलं नव्हतं, बसव म्हटलं होतं.

हे सगळं करून थकल्यावर मला एक साधा प्रश्न सुचला, जो आधी सुचायला हवा होता. हा फोटो काढला कुणी? मी रोह्याला गेले.

भावोजी स्टुडिओत होते. रविवारी ते आता दार उघडून बसतात, कुणी आलंच आणि मी तिथे असले तर फोटो मी काढून देते. मी विचारलं, तर म्हणाले, कॅमेरा स्टँडवर होता, टायमर लावून तीच जाऊन बसली. मग तुम्ही कुठे होतात? त्यांनी कोपऱ्यातल्या लाकडी घोडीकडे बोट केलं, जिच्यावर चढून तू छताजवळचे दिवे हलवायचीस.

"तिच्यावर चढून थर्माकोलचा तक्ता धरला होता," म्हणाले. "तिला दिव्याचा उजेड त्याच्यावर आपटून वरनं पायजे होता. पहिली पाळी करून आलेलो. सारखी सांगत होती, जरा वर धरा, जरा इकडं. मग सांगायची थांबली. बघतच राहिली."

मी म्हटलं, तिचं तोंड उघडं आहे फोटोत, काहीतरी बोलतेय ती. काय बोलत होती?

भावोजी काउंटरवरची पावतीबुकं सारखी करत राहिले. मला वाटलं सांगणार नाहीत.

"जेवलात काय, म्हणाली."

मंदे, मी तिथल्या स्टुलावर बसले. भांडण तू जिंकलीस हे मान्य. तुला काय दिसत होतं ते तुला पुरतं ठाऊक होतं. पण फोटो आधी आणि बाकीचं मागाहून, ही माझी रीतही तू वापरलीसच की. मला राग आला. सांगितलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? मी चंद्रापासून रावसापर्यंत वणवण केली नसती. मग लक्षात आलं, तू सांगितलं असतंस तर मी त्यांचा एखादा जुना फोटो काढून तिथे चिकटवला असता आणि मोकळी झाले असते. त्यांना कुणीच काही विचारलं नसतं, आणि तू त्यांना काय विचारलंस ते या माणसाने कुणाला कधी सांगितलं नसतं.

मी त्यांना म्हटलं, चढा घोडीवर.

ते नको म्हणाले. माझं काय काम त्यात, म्हणाले. मी सांगितलं, तिने बसवायला सांगितलंय आणि मी तिच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा चढले. थर्माकोलही धरला. पण चेहरा असा, की कंपनीच्या गेटपासला फोटो देतायत. मी कॅमेरा स्टँडवर लावला, त्याचा रिमोट मुठीत घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. तात्यांची गोष्ट सांगावी, उंदराची सांगावी, हसवावं, रडवावं, माझ्याकडे पोतंभर युक्त्या होत्या. एकही वापरली नाही. तू बसली होतीस त्या स्टुलावर बसले, त्यांच्याकडे वर बघितलं आणि आवाज न लावता विचारलं, "जेवलात काय?"

त्यांनी थर्माकोल खाली केला नाही. "नाय," म्हणाले. "अजून नाय."

मी बटण दाबलं.

मग घरी आणून मी तुझ्या नियमाने बसवलं. आधी सावली, मग घोडी, मग माणूस. घोडीच्या पायऱ्या वाढवत वाढवत पार वर नेल्या, पडदा संपतो त्याच्याही वर, आणि त्यांच्या हातातल्या थर्माकोलच्या जागी कुंडलिका नदीवरचं सकाळचं चौकोनी आभाळ दिलं, ढगासकट. एवढ्या उंचावर आभाळाचा तुकडा धरून एक माणूस उभा आहे, खाली तू बसली आहेस, आणि त्या आभाळाचा उजेड बरोबर तुझ्या तोंडावर पडलाय. चहात बुडवला, वाळवला, कडा घासल्या. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

आणि फ्रेम घेऊन रोह्याला गेले तर तिथे आक्का. भावोजींच्या मोठ्या बहीण, त्यांना तू चांगलीच ओळखतेस. फोटोला घालायला चंदनाचा हार घेऊन आल्या होत्या. त्यांनी फ्रेमकडे बघितलं, मग भावोजींकडे, मग पुन्हा फ्रेमकडे, आणि हार पदराखाली लपवला.

"ह्यात जिवंत माणूस हाय," म्हणाल्या. "ह्याला हार कसा घालायचा?"

खरं सांगते, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं आपण माणसं कापली आणि जोडली, पण भिंतीवरच्या फोटोला हार असतो आणि तो जिवंत माणसाच्या गळ्यात पडलेला चालत नाही, हे मला सुचलं नाही. आक्का रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. शुभाताई, तुम्ही शिकलेल्या, माझ्या भावाला काढा यातनं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, काढते. काय करणार? पुन्हा तुझ्यासमोर पडदा, पडदा आणि पडदा. मी फ्रेम उचलायला गेले.

भावोजींनी ती माझ्या आधी उचलली. स्वतःच खिळा ठोकून काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावली, लांबून बघितली, एका बाजूने जरा वर केली. मग आक्कांच्या हातातून हार अलगद घेतला आणि शेजारच्या तात्यांच्या तसबिरीला घातला.

"हिला हार नको," म्हणाले.

आक्का म्हणाल्या, अरे, बिनहाराचा फोटो बघून लोकांना वाटेल की ती... आणि मध्येच थांबल्या. मग त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने तिघांची पानं वाढली आहेत म्हणून आम्हाला हाक मारली.

फोटो तसाच आहे, मंदे. गेल्या रविवारी मी तिथे असताना एक बाई आल्या, खारगावकडच्या कुठल्यातरी. कसल्याशा अर्जासाठी फोटो हवा होता. पदर सारखा करत त्यांनी भिंतीवर बघितलं, तुला ओळखलं आणि त्यांचं तोंड फुललं. तूच त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढले होतेस म्हणे. त्यांनी आतल्या दाराकडे डोकावून विचारलं, "मंदाबाय नाय काय?"

मी, जिला बोल असं कधी सांगावं लागलं नाही, ती गप्प राहिले. भावोजींनी स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"आज नाय," म्हणाले.